एकच ऑक्सिजन, दोन रंग

न्यू मेक्सिकोतल्या २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने स्लोन सर्वेक्षणात आकाशाचा मोठा भाग टिपून ठेवला होता. त्यातल्या जवळपास नऊ लाख दीर्घिका सर्पिल की लंबगोल, हे डोळ्यांनी बघून ठरवायचं होतं. ऑक्सफर्डच्या केविन शॉविन्स्कीने पन्नास हजार एकट्याने पाहिल्या आणि हात टेकले. मग जुलै २००७ मध्ये त्याने आणि ख्रिस लिंटॉटने 'गॅलेक्सी झू' हे संकेतस्थळ काढून ते काम लोकांपुढे ठेवलं. पहिल्या वर्षात दीड लाखाच्या आसपास लोकांनी पाच कोटींहून जास्त वेळा कौल दिला.

त्यात नेदरलँड्समधली हॅनी फान आर्केल ही शाळाशिक्षिका होती. आयसी २४९७ या दीर्घिकेच्या खाली तिला एक निळा ठिपका पसरलेला दिसला. संकेतस्थळावरच्या यादीत त्यासाठी पर्यायच नव्हता. हे काय आहे, असं तिने सरळ विचारलं, आणि तज्ज्ञांनाही ते सांगता येईना. पुढे कळलं की तो वायूचा अवाढव्य ढग आहे, आपल्यापासून सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षं दूर. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रात एकेकाळी क्वासार, म्हणजे कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झळाळणारा गाभा, धगधगत होता. त्याच्या अतिनील किरणांनी ढगातल्या ऑक्सिजनच्या अणूंमधले दोन-दोन इलेक्ट्रॉन उडवले. असा ऑक्सिजन अतिविरळ वायूत ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. क्वासार आता मंदावला आहे, पण त्याचा प्रकाश ढगाकडून वळसा घालून येत असल्याने ढग अजून उजळलेला दिसतो.

आता गंमत अशी, की ५००.७ नॅनोमीटर म्हणजे डोळ्याला हिरवट दिसणारा प्रकाश. मग हॅनीला ढग निळा का दिसला?

दुर्बिणीचा कॅमेरा रंगीत फोटो काढतच नाही. एकेका फिल्टरमधून कृष्णधवल चित्रं घेतात आणि नंतर त्यांना रंग वाटून देतात. स्लोनच्या त्या चित्रांत साधारण ४०० ते ५५० नॅनोमीटरचा प्रकाश निळा, ५५० ते ७०० चा हिरवा आणि त्यापलीकडचा तांबडा दाखवलेला असतो. विश्वाच्या प्रसरणामुळे ढगाचा प्रकाश थोडा ताणला जाऊन सुमारे ५२५ वर पोचतो. तो पहिल्याच फिल्टरमधून येतो, म्हणून निळा. हबलच्या चित्रात, जे २०११ मध्ये जाहीर झालं, रंगांची वाटणी वेगळी, म्हणून तोच ढग हिरवागार आहे.

'गॅलेक्सी झू'च्या त्याच लोकांना स्लोनच्या चित्रांत वाटाण्यासारखे हिरवे ठिपकेही सापडले, आणि २००९ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध आला. हे ठिपके म्हणजे दीड ते पाच अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या, धडाक्याने तारे घडवणाऱ्या चिमुकल्या दीर्घिका. ऑक्सिजनची रेषा तीच, पण अंतर जास्त, त्यामुळे ती आणखी ताणली जाऊन दुसऱ्या फिल्टरमध्ये जाते. म्हणजे या चित्रात रंगावरून अंतराचाही अदमास लागतो! जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या ज्या दीर्घिका दिसल्या, त्यांतल्या काहींचे वर्णपट या वाटाण्यांशी जुळतात, त्यामुळे त्यांचं मोल आणखी वाढलं आहे.

हे सगळं घरी बघता येतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश ढगांच्याच मालकीचं असतं, तेव्हा तर आवर्जून. स्ट्रासबुर्गच्या खगोल केंद्राचं 'अलादिन लाइट' हा आकाशाचा नकाशाच आहे, वेगवेगळ्या सर्वेक्षणांची चित्रं त्यात थरांसारखी बदलून बघता येतात; तो फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतो. शोधपट्टीत IC 2497 असं रोमन अक्षरांत टाइप करायचं, थरांच्या यादीतून स्लोन निवडायचं. माझं मत विचाराल, तर सजवलेली छायाचित्रं शंभर बघण्यापेक्षा एकच जागा पाच थरांतून बघावी.

त्या यादीत जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही थर आहे. नारायणगावजवळच्या खोडदला असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झवर केलेलं हे सर्वेक्षण टीजीएसएस या नावाने मिळतं. इथे तरंगलांबीच दोन मीटर, त्यामुळे रंग निव्वळ सोयीचा, आवडेल तो निवडा. 'हर्क्युलस ए' आधी दृश्य प्रकाशात बघा: एक साधी, धूसर दीर्घिका. मग टीजीएसएसचा थर लावा. केंद्रातल्या कृष्णविवराकडून दोन दिशांना फेकल्या गेलेल्या झोतांचा पसारा दिसेल, दीर्घिकेपेक्षा कितीतरी मोठा.

अशी रेडिओ चित्रं वाचायला शिकवणारा 'रॅड ॲट होम' हा उपक्रम आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केला. ते मुंबई विद्यापीठातल्या मूलभूत विज्ञानांच्या केंद्रात संशोधन करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये या गटाने युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या माहितीतून एकमेकांना छेदणारी दोन रेडिओ वर्तुळं जाहीर केली. त्यांचे किरण इथवर यायला साडेसात अब्ज वर्षांच्या आसपास लागली आहेत. असली वर्तुळं पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या ॲस्कॅप दुर्बिणीच्या चित्रांत सापडली होती. ती मुख्यतः रेडिओ लहरींतच दिसतात आणि कशामुळे होतात, यावर अजून एकमत नाही.