कुत्र्याला साप चावला, हे ओळखायचं कसं? प्रश्नामागचा इतिहास

सर्पविषाबद्दलची बरीचशी माहिती माणसाने कुत्र्यांच्या जिवावर मिळवली. साप चावलेल्या कुत्र्याचं निदान मात्र फार उशिरा मार्गी लागलं. प्रयोगशाळेत कोणतं विष, किती आणि कधी टोचलं, हे आधीच ठाऊक असायचं. अचानक कोसळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत यातलं काहीच कळत नाही. दातांच्या खुणा केसांत लपतात, आणि साप तर केव्हाच पसार झालेला असतो.

१६६४ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेदीने दाखवून दिलं की, विष म्हणजे सापाच्या दातांतून येणारा पिवळसर द्रव. तो जखमेतून शरीरात गेला तर मारतो, गिळल्याने नव्हे. जाकोपो नावाच्या एका साप पकडणाऱ्याने तर तो सगळ्यांदेखत पिऊन दाखवला. (तोंडात साधी जखम असती तरी प्रकरण अंगाशी आलं असतं.) पुढे भारतात पॅट्रिक रसेलने कोंबड्यांना आणि कुत्र्यांना साप चाववून परिणाम टिपले. त्याचा ग्रंथ १७९६ मध्ये आला. घोणशीचं इंग्रजी नाव त्याच्यावरूनच पडलं.

निदानाच्या दृष्टीने खरी मोलाची नोंद कलकत्त्याच्या जोसेफ फेररची. त्याचा सचित्र ग्रंथ १८७२ चा. नागाच्या विषाने मेलेल्या प्राण्याचं रक्त नंतर गोठतं, घोणशीच्या विषाने मेलेल्याचं पातळच राहतं, हे त्याने पाहिलं. आजही पशुवैद्य याच दोन वाटांनी विचार करतो. नाग-मण्यारीच्या विषाने स्नायू ढिले पडतात: पापण्या मिटू लागतात, मागचे पाय लटपटतात, लाळ गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस-फुरशाच्या दंशात बहुतेकदा तोंड किंवा पाय सुजतो आणि रक्त गोठण्याची ताकदच संपते. हुंगायला नाक पुढे करण्याच्या सवयीमुळे कुत्र्याचा दंश बऱ्याचदा थोबाडावरच असतो.

१८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिनने कुत्र्यांवरच एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. तिथल्या काळ्या सापाचं विष रक्तात एकदम जास्त गेलं, तर वाहिन्यांतच गुठळ्या होऊन कुत्रा झटक्यात मरतो. थोडं गेलं, तर रक्त गोठेनासं होतं. एकाच विषाचे हे दोन उलटे परिणाम वरवर कोड्यात टाकतात, पण हिशेब सरळ आहे: गुठळ्या करणारे घटक विषाने आधीच वापरून टाकलेले असतात.

तोवर साप कोणता, हे कळूनही उपचारात फारसा फरक पडत नसे. १८९४ च्या सुमारास आल्बेर काल्मेतने नागविषावरचं प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारं औषध, तयार केलं, आणि पाठोपाठ ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझीलने दाखवलं की एका सापावरचं प्रतिविष दुसऱ्यावर चालेलच असं नाही. निदानाला खरी निकड आली ती इथे. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच प्रतिविष वापरतात, म्हणून साप नेमका कोणता यावर तितकं अडत नाही. ऑस्ट्रेलियात वेगवेगळी प्रतिविषं असल्याने १९७९ मध्ये मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजने विष ओळखण्याचा संच बाजारात आणला. दंशाच्या जागेवरून घेतलेल्या बोळ्यात किंवा लघवीत तो विष शोधतो. तिथले पशुवैद्यही तो वापरतात.

बाकी ठिकाणी भिस्त असते ती एका काचनळीवर. कोरड्या, स्वच्छ नळीत ताजं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं, तर गोठण्याची यंत्रणा कोलमडली आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर ही तपासणी फसते. निरोगी कुत्र्याचं रक्तही मग पातळ दिसू शकतं. गुठळी घट्ट झाली म्हणून कुत्र्याला घरी धाडणं हे त्याहून धोक्याचं, कारण मण्यारीच्या दंशात रक्त नेहमीसारखंच गोठतं आणि सूजही बहुधा नसते. तिथे पापण्या, चाल आणि श्वास यांवर तासन्‌तास लक्ष ठेवावं लागतं.