प्रोसेसरमधल्या पेरिफेरलना (कोअरसोबत चिपवर असणाऱ्या टायमर, पोर्टसारख्या जोडभागांना) झोपवायची भानगड आली कुठून

एम्बेडेड अ‍ॅप्लिकेशन प्रोसेसरचं (फोनसारख्या उपकरणांच्या आत बसणाऱ्या चिपचं) रेफरन्स मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं की माणूस हबकतोच. आपल्याला हवा असतो एक साधा यूआर्ट नाहीतर आयटूसी (दुसऱ्या चिपशी किंवा कॉम्प्युटरशी बोलायचे साधे पोर्ट), आणि त्याआधी पानंच्या पानं क्लॉक (सर्किटला ताल देणारा सिग्नल), रिसेट आणि पॉवर डोमेनची (सप्लाय वेगवेगळा चालू-बंद करता येणाऱ्या भागांची). मला आधी वाटायचं की हे उगाच वाढवून ठेवलंय, पण एकेक थर कधी आणि का चढला ते कळलं की चिडचिड जरा कमी होते.

मुळात सीमॉस, म्हणजे आजच्या बहुतेक चिप ज्या पद्धतीने बनतात ते सर्किट, पॉवर खातं ते मुख्यतः स्विच होताना, व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या हिशोबात. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही २० टक्के उतरवले की खर्च जवळपास निम्म्यावर येतो, आणि क्लॉक थांबवला की जुन्या चिपमध्ये खर्च म्हणण्यासारखा उरायचाच नाही. १९८५ मध्ये एकॉर्न या ब्रिटिश कॉम्प्युटर कंपनीच्या पहिल्या आर्म चिपची टेस्ट चालू होती तेव्हा अ‍ॅमीटर शून्य दाखवत होता, बघितलं तर सप्लाय जोडलेलाच नाही, आजूबाजूच्या सिग्नल लाइनमधून झिरपणाऱ्या करंटवर चिप निवांत चालू! गंमत म्हणजे तेव्हा बॅटरीचा विषयच नव्हता, स्वस्त प्लॅस्टिक पॅकेजमध्ये बसेल इतकीच उष्णता हवी होती.

बॅटरीचा विषय खरा आला हातात धरायच्या उपकरणांबरोबर. मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल हा प्रोसेसर आला १९९५ ला, त्यात एलसीडी कंट्रोलर, टायमर, यूआर्ट, एसपीआय (आणखी एक पोर्ट), पीडब्ल्यूएम (पल्स सोडणारा भाग) सगळं एकाच चिपवर. १९९६ चा पामचा पायलट, म्हणजे खिशात मावणारी डिजिटल डायरी, त्यावरच चालायचा, दोन ट्रिपल-ए सेलवर कित्येक आठवडे, कारण स्क्रीनवरच्या दोन टॅपच्या मधे प्रोसेसर चक्क डुलक्या काढायचा. जागा राहायचा तो ३२.७६८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३२७६८ ठोके देणारा क्रिस्टल. ३२७६८ ला १५ वेळा निम्मं केलं की सेकंदाला बरोबर एक ठोका, म्हणून तो आकडा आजही बोर्डाबोर्डावर दिसतो.

१९९७ च्या डेक कंपनीच्या स्ट्राँगआर्म एसए-११०० या प्रोसेसरमध्ये पुढची पायरी होती. स्लीपमध्ये कोअरचा (सूचना चालवणाऱ्या मुख्य भागाचा) सप्लायच तोडायचा, जाग आली की चिप सरळ रिसेट झाल्यासारखी उठणार, मग बूटलोडरने (चिप उठल्यावर सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) एक बिट बघून ठरवायचं की ही पहिली सकाळ आहे की झोपेतून उठलोय, आणि एका छोट्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या खणात) जपून ठेवलेला पत्ता घेऊन तिथे उडी मारायची. ही युक्ती अजूनही जवळपास तशीच वापरतात.

मग ट्रान्झिस्टर ९० आणि ६५ नॅनोमीटरपर्यंत बारीक झाले आणि लीकेजने डोकं वर काढलं, म्हणजे क्लॉक बंद केला तरी चिप पाण्याच्या गळक्या नळासारखी करंट सोडतच राहते. आता सप्लाय तोडायचा तोही तुकड्या-तुकड्यांनी, आणि काही ठिकाणी फक्त आठवण शाबूत राहील इतकंच व्होल्टेज ठेवायचं. यातून आले पॉवर डोमेन. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) ६५ नॅनोमीटरच्या ओमॅप ३४३० या प्रोसेसरमध्ये (२००९ चा नोकिया एन९०० आणि मोटोरोला ड्रॉइड यावरचेच) हा सगळा कारभार पीआरसीएम नावाच्या मोड्यूलकडे होता. एकेका पेरिफेरलला दोन-दोन क्लॉक, स्वतःच्या कामाचा फंक्शनल वेगळा आणि बसशी (चिपमधले भाग जोडणाऱ्या तारांशी) बोलायचा इंटरफेस क्लॉक वेगळा.

इथेच माझी पहिली रात्र गेली होती. इंटरफेस क्लॉक चालू न करता मोड्यूलचं रजिस्टर वाचलं, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) थेट एक्स्टर्नल अबॉर्ट, म्हणजे पलीकडून उत्तरच न आल्याची एरर, फेकला, आणि मी पत्ता चुकला म्हणून तासभर डेटाशीट चाळत बसलो. दुसरा छळ कन्सोलचा, म्हणजे यूआर्टवरून बोर्डाला कमांड द्यायच्या खिडकीचा. यूआर्ट झोपलेला असला की पहिली की दाबली ती त्याला उठवण्यातच खर्च होते, अक्षर गायब, म्हणून आधी एक रिकामं एंटर मारायची सवयच लागते. आणि बूटलोडरने एखादं मोड्यूल 'नो-आयडल' (कधीच झोपू नको) ठेवून दिलं असेल तर त्या एकट्यापायी अख्खं डोमेन जागं, करंट का उतरत नाही ते शोधत बसा.

हार्डवेअर एवढं वाढल्यावर लिनक्सलाही हिशोब ठेवणं भाग पडलं, नाहीतर प्रत्येक कंपनीचा आपापला वेगळा क्लॉक कोड. २००८ ला २.६.२७ मध्ये व्होल्टेज सांभाळणारं रेग्युलेटर फ्रेमवर्क, २००९ ला २.६.३२ मध्ये रनटाइम पीएम, म्हणजे डिव्हाइस कितीजण वापरतायत ते मोजायचं आणि शून्य झालं की झोपवायचं. सगळ्यांसाठी एकच क्लॉक कोड देणारं कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आलं २०१२ ला. मधल्या काळात अँड्रॉइडच्या वेकलॉकवरून (फोनला झोपू न देण्याच्या सोयीवरून) जी भांडणं झाली तो वेगळाच अध्याय.

पुढे टीआयच्याच एएम३३५एक्स या प्रोसेसरमध्ये मोठ्या कोअरला झोपवायला आणि उठवायला आत एक छोटा कॉर्टेक्स-एम३ कोअर बसवला. त्याला स्वतःचं फर्मवेअर (त्याच्यावर चालणारा छोटा प्रोग्राम) लागतं, आणि ती फाइल रूट फाइलसिस्टिममध्ये (लिनक्सच्या मुख्य फाइलींमध्ये) ठेवायची राहिली की सस्पेंड, म्हणजे अख्ख्या सिस्टिमचं झोपणं, होतच नाही.