गुडघ्याची झीज आणि एक्झोसोम : पार्श्वभूमी

‘गुडघ्याची गादी गेली’ असे आपण म्हणतो, ती गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात, त्यामुळे एकदा झिजली की ती आपोआप भरून येत नाही. लंडनचे शल्यवैद्य विल्यम हंटर यांनी हे १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते.

मॉस्कोतील अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत अस्थिमज्जेतल्या हाड घडवणाऱ्या पेशी ओळखल्या, तेव्हा आशेला जागा मिळाली. १९९१ मध्ये अमेरिकेतील आर्नोल्ड कॅप्लन यांनी अशा पेशींना ‘मेसेनकायमल मूलपेशी’, म्हणजे हाड, कूर्चा अशा वेगवेगळ्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी, म्हटले. त्या सांध्यात सोडल्या की त्यांचीच कूर्चा होईल, असा तेव्हाचा अंदाज होता. पण सोडलेल्या पेशी फार काळ टिकत नाहीत आणि जो गुण येतो तो बहुतांशी त्यांच्या स्रावांमुळे येतो, असे हळूहळू दिसू लागले. २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच ‘मूलपेशी’ हा शब्द सोडून देण्याचा आग्रह धरला, हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

या स्रावांतले एक्झोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या इवल्या पिशव्या, मात्र वेगळ्याच वाटेने आले. १९८३ मध्ये माँट्रियलमधील रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसमधील फिलिप स्टाल यांचे गट कोवळ्या लाल रक्तपेशी पाहत होते. पेशी पक्व होताना तिला लोह आत घेणारे ग्राहक प्रथिन नकोसे होते. ते इवल्या पिशव्यांत भरले जाते, त्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत साठतात आणि ती पेशीच्या आवरणाला मिळून त्यांना बाहेर सोडते. या पिशव्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. बरीच वर्षे त्यांना पेशीचा केरकचराच समजले गेले. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधील संशोधकांनी त्यांत आरएनए (जनुकीय संदेश वाहणारा रेणू) असल्याचे आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन काम करत असल्याचे दाखवले, तेव्हा हा समज मोडला.

२०१० मध्ये सिंगापूरच्या साय कियांग लिम यांच्या गटाने मूलपेशींचे एक्झोसोम हृदयाची इजा कमी करतात, असे प्राण्यांत दाखवले. २०१६ मध्ये तिथेच उंदरांच्या दोन्ही गुडघ्यांत खड्डे पाडून एका गुडघ्यात दर आठवड्याला एक्झोसोम आणि दुसऱ्यात नुसते क्षारद्रावण टोचण्यात आले. १२ आठवड्यांनी पहिल्या गुडघ्यातली कूर्चा स्पष्टपणे अधिक भरलेली होती. अर्थात शस्त्रक्रियेने पाडलेला खड्डा आणि वर्षानुवर्षे झिजलेला माणसाचा गुडघा यांत मोठे अंतर आहे, आणि ते नजरेआड करून या सुया विकणे हा वेदनेने गांजलेल्या रुग्णांवर अन्याय आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नेब्रास्कातील रुग्णांना एक्झोसोमच्या उपचारांनंतर गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला आणि असे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नसल्याचे बजावले. भारतात २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यता मिळाली ती दात्याच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या जिवंत पेशींना, एक्झोसोमना नव्हे.

एक्झोसोमच्या उपचारांत अडचण मात्रेपासूनच सुरू होते. कोणी ती प्रथिनांच्या मायक्रोग्रॅममध्ये सांगतो, कोणी कणांच्या संख्येत. त्यामुळे एका प्रयोगशाळेची मात्रा दुसरीच्या मात्रेशी ताडून पाहणे अवघड जाते.