डिकीतल्या वीस किलोंचे दोन टन कसे होतात

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं निधन झालं आणि मागच्या सीटवरही पट्टा लावावा का, याची मुंबईत घराघरांत चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या सीटच्याही मागे जे पडलेलं असतं, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार घेऊन पहाटे माळशेजकडे निघणाऱ्यांच्या डिकीत टूलबॉक्स, जॅक, पाण्याचे कॅन, छोटा गॅस सिलिंडर असतो. या गाड्यांत डिकी आणि माणसं यांच्यामध्ये भिंत नसते, असते ती फक्त सीटची पाठ. म्हणून अनेक जण गॅरेजमधून लोखंडी जाळी बनवून घेतात. कल्पना चांगलीच आहे. फक्त ती जाळी नेमकं कोणतं काम करणार आहे, हे आधी समजून घेतलं पाहिजे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज असा : 'पेटी जड आहे, जागची हलणार नाही.' पेटी जितकी जड, तितकं फरशीशी तिचं घर्षण जास्त, हे बरोबर. पण तिला थांबवायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी वस्तुमान निघून जातं आणि चार किलोची पेटी व चाळीस किलोची पेटी एकाच ब्रेकला सरकते. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला, तर गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास दराने कमी होतो. गुळगुळीत पत्र्यावरच्या पेटीला घर्षणातून त्याच्या निम्मंच मिळतं. उरलेलं कुठून तरी मिळेपर्यंत पेटी पुढे जातच राहते.

हे झालं ब्रेकचं. धडकेचं गणित वेगळं आहे आणि जाळीचा सगळा विचार त्यातच आहे.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. समजा गाडी भिंतीला धडकली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला. म्हणजे गाडीला थांबायला ६० सेंटिमीटर मिळाले. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागलं, की मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर मिळतो : दर सेकंदाला, सेकंदाला सुमारे १६१ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सोळापट. वीस किलोची पेटी गाडीला घट्ट बांधलेली असेल, तर तिलाही तेच ६० सेंटिमीटर मिळतात आणि पट्ट्यांवर साधारण ३३० किलोंचा भार येतो. चांगले पट्टे तो पेलतात.

आता पेटी मोकळी आहे आणि जाळीपासून ६० सेंटिमीटर मागे आहे असं धरू. गाडी चेपत थांबते, तेव्हा तिचा सरासरी वेग निम्मा असतो. ती ६० सेंटिमीटर जाते तेवढ्याच वेळात पेटी पूर्ण वेगाने १२० सेंटिमीटर जाते. म्हणजे गाडी उभी राहिली, त्याच क्षणी पेटी जाळीवर आदळते, तीही पूर्ण ताशी ५० च्या वेगाने. गाडीने चेपून जे अंतर कमावलं, त्यातलं काहीही पेटीच्या वाट्याला येत नाही. आता तिला थांबायला जाळी जितकी वाकेल तितकीच जागा. जाळी १० सेंटिमीटर वाकली, तर भार जवळपास दोन टन.

पेटी आणि जाळी यांच्यातली ही फट कमी केली तर? आदळण्याचा वेग फटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. फट पाव केली, म्हणजे १५ सेंटिमीटर, तर वेग निम्मा होतो, ताशी २५. फट शून्य, तर आदळणं उरतच नाही. म्हणून सामान जाळीला टेकवून रचायचं आणि पट्ट्याने आवळायचं. जाळी हा दुसरा बचाव आहे. रबरी लगेज दोरी यात धरायची नाही, ती ताणली जाते आणि फट पुन्हा तयार होते.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला फार आवडते : जाळी अतिकडक असून चालत नाही. २५ मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप १२० सेंटिमीटरच्या अंतरावर टेकवला, तर मधोमध साधारण ११० किलो भाराला तो कायमचा वाकू लागतो. हे ऐकून लोक जाड पाइप मागतात. पण वाकणं म्हणजे मोडणं नव्हे. साधं माइल्ड स्टील तुटण्याआधी वीस टक्क्यांच्या आसपास लांबतं आणि त्या वाकण्यात पेटीची ऊर्जा जिरते. असे चार-पाच पाइप, मध्ये वेल्डमेश (तारा आडव्या-उभ्या वेल्ड केलेली तयार जाळी), आणि जाळी व मागच्या डोक्यांमध्ये वाकायला पुरेशी जागा, अशी रचना हवी. धोका असतो तो कच्च्या वेल्डिंगचा, कारण ते न वाकता सुटतं.

आता जाळी गाडीला जखडणाऱ्या बोल्टचं. ८.८ ग्रेडचा, म्हणजे चांगल्या मजबूत पोलादाचा आठ मिलिमीटरचा बोल्ट दोन टनांच्या आसपास ताण सहज सोसतो. तो ज्या पत्र्यात बसवला आहे, तो पत्रा मात्र एखाद मिलिमीटरचा. शर्टाचं बटण ओढलं, की पुष्कळदा दोरा तुटत नाही, कापड फाटतं. इथेही तेच होतं. म्हणून पत्र्याखाली तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावायची. नुसता वायसर पुरत नाही.

नव्या गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधणारे आणि 'रणगाड्यासारखी मजबूत' या जाहिरातीवर विसंबणारे, दोघेही या गणिताकडे पाहत नाहीत. गाडीचं पुढचं अंग अजिबात चेपलं नाही, तर ते ६० सेंटिमीटर आतल्या माणसांनाही मिळणार नाहीत. गाडीच्या सीटच्या मजबुतीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 'आर १७' नियमात सीटच्या पाठीमागे प्रत्येकी १८ किलोंचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० च्या आसपास चाचणी घेतात. ओव्हरलँडिंगला, म्हणजे सामान घेऊन आडवाटेच्या लांब प्रवासाला निघालेल्या गाडीच्या डिकीत बहुतेक वेळा याहून बरंच जास्त वजन असतं.

बाकीचं थोडक्यात. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून इंधनाची टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते पाहायचं. सीटबेल्टचे बोल्ट जाळीसाठी वापरायचे नाहीत. छताच्या कडेला पडदा एअरबॅग असेल, तर तिच्या वाटेत पाइप नको. खडकाळ वाटेवर गाडीची बॉडी पिळली जाते, म्हणून टेकूंना रबरी बुश आणि हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली जाळी वेल्ड करायची असेल, तर कडेचा तो थर घासून काढायचा, त्याच्या धुराने वेल्डरला ताप येतो. आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावायचाच, कारण मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजू लागतो, आणि गंजलेल्या पत्र्यातून बोल्ट पट्टीसकट बाहेर येऊ शकतो.