बिअर आणि जेवण यांची जुळणी

बिअरने पदार्थाला झाकू नये आणि पदार्थाने बिअरला पाणचट करू नये, अशा बेताने दोघांची केलेली निवड. वाइनच्या बाबतीत ही चर्चा जुनी आणि प्रतिष्ठित आहे. बिअरकडे मात्र बराच काळ तहान भागवणारे पेय म्हणूनच पाहिले गेले. ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन (१९४२–२००७, नामसाधर्म्य सोडल्यास गायकाशी संबंध नाही) यांनी १९७०च्या दशकात बिअरच्या प्रकारांची वर्गवारी मांडली आणि तिच्याकडे चवीने पाहायला वाचकांना शिकवले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे मुख्य बिअरनिर्माते गॅरेट ऑलिव्हर यांनी २००३ मध्ये केवळ या जुळणीवर जाडजूड पुस्तक लिहिले.

निवड करताना सर्वांत जास्त फसवतो तो रंग. ‘काळी म्हणजे जड, पिवळी म्हणजे हलकी’ हा समज पक्का असला तरी चुकीचा आहे. काळा रंग येतो तो करपेपर्यंत भाजलेल्या थोड्याशा धान्यामुळे. त्याचा मद्यार्काशी संबंध नाही. आयरिश ड्राय स्टाउट काळीकुट्ट दिसते, पण तिच्यात मद्यार्क साधारण ४ ते ४.५ टक्के असतो आणि ती तोंडात चांगलीच हलकी लागते. उलट बेल्जियमची ड्युव्हेल फिकट सोनेरी असून तिच्यात ८.५ टक्के मद्यार्क आहे. रंगावर विसंबून वाफवलेल्या नाजूक माशाबरोबर ती घेतली, तर माशाची चव लागणारच नाही. म्हणून आधी दोघांचा जोर तोलावा. मद्यार्क, कडवटपणा आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) भरीवपणा मिळून बिअरचा जोर ठरतो. पदार्थाचा ठरतो तो स्निग्धता, मीठ, मसाला आणि तो किती भाजला आहे यावर.

वाइनकडे सहसा नसलेले बिअरचे हत्यार म्हणजे तिच्यातला वायू. नेहमीच्या एक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. गव्हाच्या बिअरमध्ये तो याहून जास्त असतो, तर इंग्लंडमध्ये पिंपातून थेट काढल्या जाणाऱ्या कास्क एलमध्ये (एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) बराच कमी. जिभेवर या वायूचे काही अंशी कार्बोनिक आम्ल बनते. बिअरची जी चुणचुण जाणवते ती निव्वळ बुडबुडे फुटल्याची नसते. तिच्यात या आम्लाचाही वाटा असतो. तळलेला मासा खाताना हे चांगले कळते. पहिला घास कुरकुरीत लागतो, तिसऱ्या-चौथ्याला जिभेवर तेलाचा थर बसून चव बोथट होते. मग पिल्सनर या फिकट, कडसर बिअरचा एक घोट घेतला की तोंड स्वच्छ होते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मात्र ओठांना लागलेले तेल ग्लासच्या काठावर उतरते आणि फेस तिथूनच खाली बसू लागतो. घोटाआधी ओठ पुसणे हा निव्वळ शिष्टाचार नाही.

दुसरे हत्यार हॉपचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा. तो ‘आयबीयू’ या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ले, म्हणजे हॉपमधून उतरणारी कडू द्रव्ये. गव्हाची जर्मन हेफेवाइझेन ८ ते १५, चेक पिल्सनर ३० ते ४५, हॉपचा भर असलेली अमेरिकन आयपीए (इंडिया पेल एल) ४० ते ७० अशी यांची सर्वसाधारण श्रेणी. मीठ कडवटपणा दाबते. त्यामुळे नुसती प्यायल्यावर जहाल वाटणारी आयपीए खारट, मुरलेल्या चेडर चीजबरोबर एकदम माणसाळते. कडूवर कडू मात्र चढत जाते. निखाऱ्यावर करपलेल्या भाजीसोबत हीच आयपीए नको होते.

तिखटाबरोबर बिअर हवीच, असे अनेकजण ठासून सांगतात. इथे थोडे थांबायला हवे. मिरचीतले कॅप्सेइसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि बिअर बहुतांश पाणीच असते. थंडाव्याने क्षणभर बरे वाटते इतकेच. त्यात मिरचीमुळे जळजळीचा संदेश देणारा टीआरपीव्ही-१ हा ग्राहक (चेतातंतूंवरचे संवेदना टिपणारे प्रथिन) मद्यार्कानेही चेततो. एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागा होणारा हा ग्राहक मद्यार्काच्या सान्निध्यात ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो. म्हणजे कडक आयपीए तिखट शमवत नाही, आणखी पेटवते. ज्यांना तेच हवे असते त्यांनी जरूर घ्यावी. इतरांनी म्युनिक हेलेससारख्या कमी कडू, माल्टकडे झुकणाऱ्या बिअरकडे वळावे.

माल्टची गोष्ट जास्त सरळ आहे. पावाचा तांबूस पापुद्रा, तव्यावर परतलेले मांस आणि भट्टीत वाळवलेला माल्ट या तिन्हींचा खमंगपणा एकाच प्रकारच्या अभिक्रियांतून येतो. लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ मध्ये त्यांचे वर्णन केले. भाजलेल्या कोंबडीशेजारी ब्राउन एल इतकी सहज बसते, ती या नात्यामुळे. फ्लेमिश स्वयंपाकात गोमांस आणि कांदा बिअरमध्येच मंद शिजवतात आणि जवळपास तीच बिअर सोबत पितात. जर्मनीतल्या बांबेर्ग शहराच्या राउखबिअरसाठी माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात. धुरावलेल्या हॅमबरोबर ती घ्यावी असे सुचवले जाते, पण धुरावर धूर लवकरच कंटाळवाणा होतो. साधे भाजलेले डुकराचे मांस तिला अधिक मोकळीक देते.

काही जोड्यांच्या मुळाशी मात्र चव नसून खिसा आहे. स्टाउट आणि ऑयस्टर (कालवे) ही आज उंची मानली जाणारी जोडी. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ऑयस्टर हे गरिबाचे स्वस्त खाणे होते आणि पोर्टर-स्टाउट ही कष्टकऱ्याची बिअर. दोन्ही एकाच टेबलावर आली ती परवडत होती म्हणून. भाजका कडवटपणा आणि समुद्री खारटपणा यांच्या मेळाचे स्पष्टीकरण नंतरचे. इंग्लंडचा पाव, चीज, लोणचे आणि एल असा ‘प्लाउमन्स लंच’ तर मध्ययुगीन वाटतो. शेतकरी पाव-चीज खात हे खरे, पण हे नाव पबच्या फळ्यावर पोहोचले ते १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या चीज खपवण्याच्या मोहिमांमुळे. जोडी त्यामुळे वाईट ठरत नाही.

गोडाबरोबर एक नियम सहसा चुकत नाही: पदार्थ बिअरपेक्षा फार गोड नको. केकसोबत कोरडी लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) पातळ आणि आंबट लागते. तिथे बेल्जियमची चेरी घातलेली क्रीक किंवा ८ ते १२ टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट चालते. दुसरी थोड्याच मापात.

एवढे जुळवूनही बिअर बर्फासारखी गार आणली तर श्रम वाया जातात. थंडीने सुगंध उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. पिल्सनरला ४ ते ७ अंश सेल्सिअस पुरते, एलला ८ ते १२, आणि इम्पीरियल स्टाउटला त्याहूनही थोडे जास्त. ती फ्रिजमधून काढून चॉकलेट केकसोबत लगेच ओतली, तर पहिल्या घोटाला नुसती करपलेली कॉफी लागते. केक अर्ध्यावर येतो तोवर ग्लास हाताच्या उबेने सैलावतो, आणि मनुका, काकवी, कोको एकेक करून वर येऊ लागतात.