आजीचं बोट फोनला का कळत नाही?

दिवाळीत आम्ही गावाकडच्या आजीला स्मार्टफोन दिला. रिंग वाजली की ती हिरवं चिन्ह वर सरकवायला जाते. एकदा, दोनदा, मग चिडून अंगठ्याने दाबते. तोवर फोन वाजून वाजून बंद होतो. "मेल्याला माझं बोटच दिसत नाही," ती म्हणते. आम्ही हसायचो. पण खरं तीच बोलत होती.

फोनची काच दाब ओळखतच नाही. पूर्वीचे काही टचफोन ओळखायचे. त्यांच्यात दोन पातळ थर असत, वरचा दाबला की खालच्याला टेके. म्हणून ते नखाने, पेनाच्या टोपणाने, सोबत मिळणाऱ्या काडीनेही चालत. २००७ साली आयफोन आला आणि नुसत्या स्पर्शावर चालणारी काच सगळीकडे पसरली. कल्पना मात्र जुनी. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी ती १९६५ सालीच मांडली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणारी माणसं होती, रिक्षात बसून रील बघणारे आपण नव्हे.

काचेखाली वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक पदार्थाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्या-आडव्या पट्ट्या असतात. बाजेच्या विणीसारख्या, फक्त एकमेकींना न टेकणाऱ्या. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे किंचित विद्युतभार साठतो. आपलं शरीर म्हणजे खाऱ्या पाण्याने भरलेली पिशवीच, त्यातून वीज सहज वाहते. बोट जवळ आलं की त्या जागचं थोडं विद्युतक्षेत्र ते स्वतःकडे ओढून घेतं आणि तिथली भार साठवायची क्षमता घटते. ही घट साधारण एका पिकोफॅरडहूनही कमी असते, म्हणजे फॅरडच्या (ही क्षमता मोजायच्या एककाच्या) एक लाख कोटीव्या भागाहूनही लहान! फोनमधली चिप सेकंदाला निदान साठ-शंभर वेळा सगळी जाळी तपासते आणि ही घट टिपते. दोन पट्ट्यांत चार-पाच मिलिमीटरचं अंतर असूनही 'क'च्या जागी 'ख' उमटत नाही, कारण बोटामुळे शेजारचे तीन-चार छेदही थोडेथोडे बदलतात आणि चिप त्यांचा मध्य काढते.

हातात काकडी धरून तिच्या टोकाने फोन चालवून बघा, चालतो. प्लास्टिकच्या पेनाने चालत नाही. पावसात काचेवर पडलेला थेंबही हे क्षेत्र बिघडवतो, म्हणून ऐन सरीत वडापावचे पैसे देताना यूपीआयचा पिन हमखास चुकतो. स्वस्तातला चार्जर लावल्यावर स्क्रीन आपोआप उड्या मारते तीही यातलीच गोष्ट: चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट त्या इवल्या फरकाला गिळून टाकतो.

आता आजी. पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या, खुरपं धरलं, गोवऱ्या लावल्या. बोटांना घट्टे पडले. घट्ट्याची कातडी जाड आणि कोरडी, तिच्यातून वीज धड वाहत नाही, आणि आतला ओलसर भाग काचेपासून लांब राहतो. हे अंतर मिलिमीटरच्या अंशाइतकंच, पण एवढ्या नाजूक मापात तेही पुरतं. वर आम्ही हौसेने जाड टेम्पर्ड ग्लास लावलेली. थंडीत कातडी आणखी सुकते, मग तर बोलायलाच नको. (रेशन दुकानात तिचा अंगठा लागत नाही ते दुखणं वेगळं, तिथे बोटावरच्या रेषाच झिजल्यात.)

काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, आजीच्यात ती सापडली नाही. टेम्पर्ड ग्लास काढली, थोडा फरक पडला. नोटा मोजताना करतात तसं बोट जरासं ओलं करून बघ म्हटलं, तर ती म्हणाली, "फोनला थुंकी लावू होय?"

शेवटी तोड तिनेच काढली. तिची करंगळी अजून मऊ आहे. फोन वाजला की आजी बाकीची बोटं मुडपून करंगळीने हिरवं चिन्ह वर सारते आणि पहिलं वाक्य बोलते, "हां, लागला बघ."