घाना : राष्ट्राध्यक्षाची प्रतिमा, मतदार आणि सत्तापालट

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात १९९२ च्या राज्यघटनेनंतर, म्हणजे तिथे ज्याला चौथं प्रजासत्ताक म्हणतात त्या काळात, मतपेटीतून चार वेळा सरकार बदललं : २०००, २००८, २०१६ आणि २०२४. दरवेळी सत्ता दोनच पक्षांत फिरली, न्यू पॅट्रिऑटिक पार्टी (एनपीपी, निशाणी हत्ती) आणि नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस (एनडीसी, निशाणी छत्री). राष्ट्राध्यक्ष थेट लोकांकडून निवडला जातो, अर्ध्याहून जास्त मतं लागतात, नाही मिळाली तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते, आणि एका माणसाला दोनच कारकिर्दी. त्यामुळे पक्षाइतकाच, कधीकधी पक्षापेक्षा जास्त, उमेदवाराचा चेहरा चालतो. तो चेहरा कसा उभा राहतो आणि मतदार तो कशावर घासून बघतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

सुरुवात स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्यापासून करावी लागते. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक त्यांनी अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात बसून जिंकली, २३,१२२ पैकी २२,७८० मतं त्यांना. सुटून आलेले कार्यकर्ते 'पी. जी.' असं लिहिलेल्या टोप्या घालून हिंडायचे, पी. जी. म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट. जेलमध्ये जाऊन आलेल्या पुढाऱ्याला किती मान असतो ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्याची घोषणा करताना एन्क्रुमांनी सुटाऐवजी उत्तरेकडचा हातमागाचा फुगू (सैल झगा) घातला होता, आणि तो पोशाख पुढे रॉलिंग्ज आणि महामांनीही वापरला. १९५८ च्या नाण्यांवर राणीच्या जागी एन्क्रुमांचं डोकं आलं, भोवती लॅटिनमध्ये 'घाना राज्याचा संस्थापक' अशा अर्थाचे शब्द. १९६४ च्या सार्वमताने देश एकपक्षीय झाला, सरकारी आकडा होता ९९.९१ टक्के होकार, आणि दोनच वर्षांनी २४ फेब्रुवारी १९६६ ला लष्कराने सरकार उलथवलं तेव्हा लोकांनी संसदेसमोरचा त्यांचा पुतळा पाडला. १९६७ मध्ये नवा सेडी (घानाचं चलन) आला तो त्यांच्या चेहऱ्याशिवाय. तो मोडका पुतळा आज अक्राच्या एन्क्रुमा स्मारकात आहे, हात नसलेलं धड एकीकडे, डोकं वेगळं.

पहिला शांततेतला सत्तापालट कोणता यावर मतभेद आहेत आणि ते जरा सविस्तर बघायला हवेत. काहीजण १९६९ धरतात, तेव्हा लष्करी राजवटीने निवडणूक घेऊन कोफी बुसियांकडे सत्ता दिली, पण बुसिया पंतप्रधान होते, दुसऱ्या प्रजासत्ताकातला राष्ट्राध्यक्ष नामधारी होता आणि लोकांनी निवडलेला नव्हता, म्हणून आपल्या विषयात ते नीट बसत नाही. दुसरं मत २४ सप्टेंबर १९७९ चं. ४ जूनला सत्ता घेतलेल्या फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्जनी ती हिला लिमान यांच्या हाती दिली. लिमान फारसे कुणाला माहीत नसलेले मुत्सद्दी, पक्षाचे बडे नेते इमोरू एगाला निवडणूक लढायला अपात्र ठरले म्हणून यांचं नाव पुढे आलं, आणि एन्क्रुमांच्या परंपरेच्या जोरावर दुसऱ्या फेरीत त्यांना सुमारे ६२ टक्के मतं पडली. म्हणजे स्वतःचा चेहरा नसताना उसन्या चेहऱ्यावर माणूस निवडून येऊ शकतो, हे तेव्हाच दिसलं. पण देणारे सैनिक होते, आणि ३१ डिसेंबर १९८१ ला त्याच रॉलिंग्जनी ते सरकार परत काढून घेतलं. म्हणून बहुतेक अभ्यासक, आणि प्रस्तुत नोंदही, ७ जानेवारी २००१ हीच तारीख मानतात : निवडून आलेल्या एका राष्ट्राध्यक्षाने विरोधी पक्षाच्या निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे कारभार सोपवला असं तेव्हा पहिल्यांदा घडलं.

रॉलिंग्जची प्रतिमा हा स्वतंत्र विषय आहे. जे. जे. या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'ज्युनियर जीझस' म्हणायचे. मे १९७९ चं बंड फसलं, खटला उभा राहिला आणि कोर्टात ते जे बोलले त्याने गरीब माणूस त्यांच्या बाजूला गेला. जूनमध्ये तीन माजी राष्ट्रप्रमुखांसकट आठ वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेही त्याच प्रतिमेचा भाग झालं, कुणासाठी न्याय आणि कुणासाठी दहशत. १९९२ ला ते एनडीसीकडून ५८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले. एनपीपीने निकाल चोरल्याचा आरोप करून संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, राष्ट्रकुलच्या निरीक्षकांनी मात्र निवडणूक एकंदरीत ठीक म्हटलं. १९९६ ला ते परत आले. २००० मध्ये घटनेप्रमाणे थांबावं लागलं.

त्या वर्षी कोको आणि सोन्याचे भाव पडलेले, तेल महागलेलं, सेडी निम्म्याहून जास्त घसरलेला. एनपीपीची ट्वी भाषेतली घोषणा होती की आपल्या जगण्याकडे बघ आणि नीट मत दे. उमेदवार जॉन कुफुओर, उंच, शांत, 'जंटल जायंट', रॉलिंग्जच्या बरोबर उलटं माणूस, आणि लोकांना तेव्हा तेच हवं होतं असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्या फेरीत कुफुओर ५६.९ टक्के, रॉलिंग्जचे उपराष्ट्राध्यक्ष जॉन अट्टा मिल्स ४३.१. एफएम रेडिओ तेव्हा नवीनच होते, केंद्राकेंद्रावरून लोक फोन करून आकडे सांगत होते, त्यामुळे निकालात हात घालणं अवघड झालं, याचं श्रेय त्या निवडणुकीच्या वर्णनात हवं तेवढं दिलं जात नाही.

त्यानंतर 'आठ वर्षांचं चक्र' ही कल्पना रूढ झाली, इतकी की २०२४ मध्ये एनपीपीची घोषणाच 'ब्रेक द एट' होती. घानाचा मतदार दर आठ वर्षांनी सरकार बदलतो, असा नियमच असल्यासारखं बोललं जातं. जपून घ्यावं. चारच उदाहरणं आहेत, आणि त्यातल्या तिघांत (२०००, २००८, २०२४) गादीवरचा राष्ट्राध्यक्ष मुदत संपल्यामुळे उभाच नव्हता, २००० आणि २०२४ ला त्याचा उपराष्ट्राध्यक्ष हरला आणि २००८ ला एनपीपीचे उमेदवार नाना अकुफो-आडो, एनडीसीच्या मिल्स यांच्याकडून. २००८ चा फरक ४०,५८६ मतांचा, टक्क्यांत ५०.२३ विरुद्ध ४९.७७, आणि शेवटचा निर्णय २ जानेवारी २००९ ला टाईन नावाच्या एका मतदारसंघात उशिरा झालेल्या मतदानानंतर लागला. एवढ्याशा फरकाला चक्र म्हणणं धाडसाचं आहे. उमेदवारी करून हरलेला गादीवरचा राष्ट्राध्यक्ष आजवर एकच, २०१६ चे जॉन महामा. म्हणून प्रतिमा आणि सत्तापालट यांचं नातं तपासायचं तर खरी कसोटी २०१६ च.

त्याआधी एका इमारतीबद्दल. कुफुओरांच्या काळात भारत सरकारच्या कर्जातून आणि मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीकडून अक्रामध्ये नवा राष्ट्राध्यक्ष प्रासाद बांधला गेला, उद्घाटन नोव्हेंबर २००८, निवडणूक महिन्यावर. विरोधकांनी तो उधळपट्टीचा नमुना म्हणून प्रचारात वापरला. मिल्स निवडून आल्यावर जुन्या ओसू किल्ल्यातूनच काम करत राहिले, साधा प्राध्यापक ही त्यांची ओळख त्याने अजून पक्की झाली. एनडीसीवाले त्या जागेला एन्क्रुमांच्या काळातलं फ्लॅगस्टाफ हाऊस नाव वापरायचे, एनपीपीवाले ज्युबिली हाऊस म्हणायचे, आणि २०१८ मध्ये अकुफो-आडोंनी परत ज्युबिली हाऊस केलं.

मिल्स २४ जुलै २०१२ ला पदावर असतानाच वारले, उपराष्ट्राध्यक्ष महामांनी शपथ घेतली आणि डिसेंबरमध्ये ५०.७ टक्क्यांवर जिंकले. एनपीपी सुप्रीम कोर्टात गेली, मतदान केंद्रांच्या गुलाबी निकालपत्रांवर महिनोन्‌महिने टीव्हीवर थेट सुनावणी चालली, २९ ऑगस्ट २०१३ ला याचिका फेटाळली गेली आणि अकुफो-आडोंनी निकाल मान्य केला. मग आलं डुमसोर, म्हणजे आपल्याकडचं लोडशेडिंग, पण वेळापत्रकही धड न पाळणारं. कोल्ड स्टोअर, शिंपी, सलून, वेल्डिंगवाले सगळे जनरेटरवर, आणि महामांना 'मिस्टर डुमसोर' नाव चिकटलं. मार्च २०१५ मध्ये बोत्स्वानात बोलताना संपांबद्दल ते म्हणाले की मेलेल्या शेळीला सुरीची भीती नसते, तशी माझी अवस्था झालीय. रस्ते, दवाखाने, शाळा त्यांनी बऱ्याच बांधल्या, पण ते वाक्य विसरलं गेलं नाही. २०१६ पर्यंत वीज बरीच सुधारली होती तरी महामांची मतं जवळपास ८ लाखांनी घटली, अकुफो-आडो ५३ टक्क्यांच्या वर गेले.

अकुफो-आडोंचं भांडवल होतं ते भ्रष्टाचाराला न शिवणारा वकील हे. मोफत माध्यमिक शिक्षण त्यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये खरंच सुरू केलं आणि गरीब घरांत त्याची जाण आहे. पण बेकायदा सोन्याच्या खाणी (गॅलमसी) थांबवण्यासाठी आपलं पद पणाला लावतो म्हणाले आणि नद्या गढूळच राहिल्या. राष्ट्रीय कॅथेड्रलवर सुमारे ५.८ कोटी डॉलर गेले आणि जागेवर खड्डा उरला. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४.१ टक्क्यांवर गेली, देशाने कर्जफेड थांबवली, मग रोख्यांच्या अदलाबदलीत निवृत्तांची पुंजी अडकली आणि अर्थखात्यासमोर पेन्शनर धरणं धरून बसले, त्यांच्यात माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफोही येऊन बसल्या. २०२४ चे एनपीपीचे उमेदवार उपराष्ट्राध्यक्ष महमुदु बावुमिया हे स्वतः बँकर आणि अर्थतज्ज्ञ. पाया कच्चा असेल तर विनिमय दर तुम्हाला उघडं पाडतो, हे विरोधात असताना ते म्हणाले होते आणि ते त्यांच्यावरच उलटलं. २०२४ ला महामा ५६ टक्क्यांच्या वर, बावुमिया ४२ च्या खाली. बारकाईने बघितलं तर महामांची मतं २०२० पेक्षा थोडीच वाढली (तेव्हा सुमारे ६२ लाख होती), एनपीपीची मात्र ६७ लाखांवरून ५० लाखांच्या खाली आली. अशांती प्रांतासारख्या बालेकिल्ल्यात पक्षाचे मतदार घरी बसले. बावुमियांनी अधिकृत घोषणेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला, ही गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी.

मतदार जात-जमात बघून मत देतो की काम बघून, हा जुना वाद. अशांती एनपीपीचा आणि व्होल्टा एनडीसीचा हे निकालात दरवेळी दिसतं. पण स्टॅफन लिंडबर्ग आणि मिनियन मॉरिसन या अभ्यासकांच्या पाहणीत जमातीच्या किंवा देण्याघेण्याच्या नात्यावर मत देणारे साधारण दहातला एक इतकेच निघाले, बाकी कामगिरी तोलणारे. ग्रामीण भागात शेजारी कोण राहतं यावरही मत ठरतं असं नंतरच्या अभ्यासात आहे. मतदार काम तोलतो हे मत प्रस्तुत लेखकाला जास्त पटतं, कारण अक्रा, सेंट्रल आणि वेस्टर्न हे प्रांत खरोखर इकडून तिकडे झुकतात, आणि राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, खासदार दुसऱ्याचा अशी मतं देणारेही भरपूर आहेत, त्याला तिथे 'स्कर्ट अँड ब्लाउज' म्हणतात. शिवाय २०२४ ला दोन्ही मुख्य उमेदवार उत्तरेकडचेच होते.

७ जानेवारी २०२५ ला महामांनी पुन्हा शपथ घेतली, उपराष्ट्राध्यक्षपदी नाना जेन ओपोकू-अग्येमांग आल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. महामांची ही दुसरी कारकीर्द असल्यामुळे घटनेप्रमाणे २०२८ च्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव नसेल.